दोन भिंतींमधलं गाव

आबांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "जेवलीस का" नाही, "बरी हायस का" नाही. "पाऊस हाय का तिकडं?"

तिकडं म्हणजे मी राहते ते स्वित्झर्लंडमधलं बाझल असो, पॅरिस असो की एखादा विमानतळ, त्यांना फरक पडत नाही. माणदेशातला माणूस जगाची विचारपूस पावसावरूनच करतो. आमचं गाव दहिवडीच्या पूर्वेला. सातारा जिल्हा म्हटलं की लोकांना महाबळेश्वर आठवतं, धुकं आठवतं, स्ट्रॉबेरी आठवते. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि आमच्या टोकाला पाचशेच्या आतबाहेर. भूगोलाच्या पुस्तकात ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ हा शब्द आला तेव्हा गुरुजींनी पुढे वाचलंच नाही, नुसतं खिडकीबाहेर बोट दाखवलं. छाया म्हटलं की काहीतरी गार वाटतं. आमच्या छायेत मात्र ऊनच ऊन होतं.

आबा स्वतः पाऊस मिलिमीटरमध्ये मोजत नाहीत. मिलिमीटर तहसील कचेरीसाठी. ते पाऊस थांबल्यावर शेतात जातात, खुरप्यानं माती उकरतात आणि बोटं लावून बघतात. चार बोटं ओल. वीतभर ओल. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं तेवढंच लिहितात. पाऊस आभाळातून किती पडला यापेक्षा जमिनीत किती गेला, ही त्यांची मोजणी. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं ते आल्प्समध्ये.

२०२२च्या जुलैत मी ग्रेखन नावाच्या गावात महिनाभर खोली घेऊन राहिले. बाझलला उकाड्यानं जीव नकोसा झाला होता, घरून काम करायची मुभा होती आणि डोंगरातली नावाजलेली गावं परवडणारी नव्हती. ग्रेखन परवडलं. समुद्रसपाटीपासून साधारण १,६०० मीटरवर, दक्षिण स्वित्झर्लंडच्या वालिस प्रांतात, झेरमॅटला जाणाऱ्या माटर खोऱ्यात एका उतारावर बसलेलं गाव. निघताना मी छत्री, रेनकोट आणि पावसाळी बूट असा सगळा सरंजाम घेतला. आल्प्स म्हणजे ओलं हिरवं कुरण, घंटा बांधलेल्या गाई आणि कायम कुठेतरी भुरभुरणारं आभाळ, हे चित्र डोक्यात पक्कं होतं. ते कुणी काढलं होतं कुणास ठाऊक, बहुधा चॉकलेटच्या वेष्टनावरून आलं असावं.

फिस्प स्टेशनवर छोटी लाल गाडी बदलली आणि खोऱ्यात शिरलो तसं ते चित्र फाटायला लागलं. दोन्हीकडचे उतार पिवळे, राठ. खडकांच्या फटींतून कुसळासारखं गवत. श्टाल्डनच्या आसपास तर मला क्षणभर म्हसवडच्या माळावर आल्यासारखं झालं, फक्त हा माळ उभा करून ठेवलेला. याच श्टाल्डनजवळ आकरझांड नावाची जागा आहे. स्वित्झर्लंडमधला सर्वांत कमी पाऊस तिथे नोंदला जातो, साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. मी आल्प्समध्ये येऊन पोचले होते ती आमच्याच आकड्यापाशी.

सांक्ट निकलाउसला गाडी सोडून पिवळ्या पोस्टबसनं वळणं घेत वर गेलो. घरमालकीण बाई सत्तरीच्या, ताठ, कमी बोलणाऱ्या. माझ्या हातातली छत्री बघून त्या फक्त म्हणाल्या, "ती दाराशी ठेवा. लागणार नाही."

लागली नाही. पहिले तीन आठवडे मी बाल्कनीच्या कठड्याला लावलेल्या प्लॅस्टिकच्या पर्जन्यमापकात रोज सकाळी डोकावायचे. एकदा तळ ओला दिसला. एकदा त्यात एक मुंगळा होता.

याचं कारण समजायला नकाशा नुसता आडवा धरून चालत नाही, तो हातानं चाचपावा लागतो. वालिसच्या उत्तरेला बर्नीज आल्प्सची रांग, चार हजार मीटर ओलांडणारी. दक्षिणेला पेनाइन आल्प्स, त्यात मॅटरहॉर्न ४,४७८ मीटर आणि मोंते रोझा ४,६३४. अटलांटिकवरून वायव्येकडून येणारे ढग उत्तरेच्या भिंतीवर रिकामे होतात. भूमध्य समुद्रावरून येणारे दक्षिणेच्या भिंतीवर. मधल्या खोऱ्यात उतरते ती पिळून घेतलेली हवा, आणि उतरताना ती तापत जाते, आणखी कोरडी होते. दक्षिणेकडून असा वारा डोंगर ओलांडून आला की त्याला फ्योन म्हणतात. तो सुटला की गावातल्या निम्म्या लोकांचं डोकं दुखतं आणि उरलेले त्याच्यावर खापर फोडतात.

आमच्या डोक्याशी एकच भिंत आहे, सह्याद्री. ग्रेखनला दोन्हीकडून. म्हणून झेरमॅट, फिस्प, सिओं हे सगळे वर्षाला सहाशेच्या घरात, ग्रेखनही त्याच पंगतीतलं. आणि त्याच वालिसच्या सीमेवरच्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत दोन हजारांहून जास्त. तिथल्या मठातले साधू १८१७ पासून हवामानाच्या नोंदी ठेवत आले आहेत. एवढ्याशा अंतरात एवढा फरक बघून इथल्या लोकांना नवल वाटत नाही, आणि महाबळेश्वरहून वाईला उतरलेल्या माणसालाही वाटू नये.

आकडा जवळपास सारखा असला तरी तो येतो कसा, यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. आमचा पाचशेचा हिशेब जूनमध्ये उघडतो आणि ऑक्टोबरात मिटतो. त्यातही खरी भिस्त हस्ताच्या आणि परतीच्या पावसावर, कारण रब्बीची ज्वारी त्याच्या जिवावर. इथे सहाशे मिलिमीटर बाराही महिन्यांत थोडे थोडे वाटलेले. कोणताच महिना लाडका नाही, कोणताच अगदी कोरडा नाही. वर्षातले ऐंशी-नव्वद दिवस पावसाचे, म्हणजे इथल्या हवामान खात्याच्या लेखी पावसाचे. इथे दिवसभरात एक मिलिमीटर पडला की तो पावसाचा दिवस. आपल्याकडे अडीच मिलिमीटर लागतात. आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "एक मिलिमीटर? तेवढं तर शेळी मुततीया." मी हे घरमालकीण बाईंना भाषांतर करून सांगितलं नाही.

मग कोड्यात पाडणारी गोष्ट अशी की गाव हिरवंगार होतं. खालचे उतार करपलेले, आणि ग्रेखनची कुरणं मात्र ओली, दाट, कापणीला आलेली. पावसाचा पत्ता नाही. विहीर दिसत नाही, पंप ऐकू येत नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी जंगलात फिरायला गेले तेव्हा पायवाटेच्या कडेनं पाणी चाललेलं दिसलं. ओढा नव्हे. ओढा उताराकडे धावतो, हे पाणी उताराला आडवं, निवांत, चालणाऱ्या माणसाच्या वेगानं माझ्याबरोबर येत होतं. दीड-दोन हात रुंद चर, कडेला दगड आणि गवताची ढेपळं. मी थांबले तरी ते चालत राहिलं. ‘पाट!’ मी मोठ्यानं म्हणाले. तिथे दुसरं कुणी नव्हतं.

जर्मन बोलणाऱ्या वालिसमध्ये याला सुओन म्हणतात, फ्रेंच बोलणाऱ्या भागात बीस. वालिसमधले सर्वांत जुने पाट मध्ययुगातले आहेत. ग्रेखनचे चार: एगेरी, खिलखेरी, द्रिएरी आणि बिनेरी. (खिलखेरी वाचून मला आधी खिल्लार बैलच आठवले. खरं तर ते नाव चर्चवरून आलेलं.) पाणी वरच्या रीड हिमनदीच्या ओढ्यातून काढायचं आणि उताराला अगदी किंचित ढाळ देत कैक किलोमीटर आडवं चालवत गावाच्या डोक्यावर आणायचं. ढाळ जास्त झाला तर पाणी चर फोडतं, कमी झाला तर गाळ बसतो. दुर्बिणी आणि लेव्हल येण्याच्या कितीतरी आधी हे लोकांनी डोळ्यांनी साधलं. वालिसमध्ये काही ठिकाणी तर मधे उभा कडा येतो. तिथे कड्यात लाकडाचे सोट ठोकून त्यांवर पोकळ केलेले ओंडके टांगायचे आणि पाणी हवेतून न्यायचं. दर वसंतात हिमलोट त्यातले काही घेऊन जायचे, आणि दर वसंतात गावकरी दोरानं लटकून नवे बसवायचे. त्यात माणसं गेली. गवतासाठी माणसं गेली, असं म्हटलं की ऐकणाऱ्याला विचित्र वाटतं. पण गवत म्हणजे गाय, गाय म्हणजे चीज, आणि सहा महिने बर्फात चीजवर काढायचे.

पाण्याचा ढाळ मला थक्क करतो, पण माझं मन गुंतलं ते पाण्याच्या वाटपात. पाट कुणा एकाचा नसतो. ज्यांची कुरणं त्याच्याखाली येतात त्यांची मंडळी असते, आणि प्रत्येकाचा हक्क पाण्याच्या घनफळावर नाही तर वेळेवर. इतके तास पाणी तुझं, मग पुढच्याचं. फेरा पूर्ण होऊन पुन्हा आपला नंबर यायला लागणाऱ्या काळाला ते केर म्हणतात. आपण पाळी म्हणतो. रात्रीची पाळी आली तर रात्री कंदील घेऊन जायचं, पाटात फळी आडवी घालायची आणि आपल्या कुरणात पाणी सोडायचं. घड्याळ नसलेल्या काळात अमुक खडकावर ऊन आलं की पाणी पुढे द्यायचं, असे ठराव. हक्काची नोंद कागदावर नाही, काठीवर. टेसेल नावाच्या लाकडी पट्ट्या, त्यांवर खाचा. एवढ्या खाचा म्हणजे एवढं पाणी. लिहिता न येणाऱ्यालाही बोट फिरवून आपला हक्क वाचता यायचा.

पाटावर देखरेखीला माणूस नेमलेला. आमच्याकडे तो पाटकरी. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत त्याच्या जोडीला जागल्याही असतो. इथला पाटकरी रोज पाट चालून जायचा, पानं-फांद्या काढायचा, गळती बुजवायचा. रात्रीसाठी मात्र त्यांनी एक युक्ती केली, जी बघितल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. पाटावर छोटं पाणचक्र बसवायचं आणि त्याला लाकडी हातोडा जोडायचा. पाणी वाहतंय तोवर हातोडा फळीवर आपटत राहतो. टक्. टक्. टक्. तो आवाज दूरवर ऐकू येतो, आणि त्या आवाजावर पाटकरी झोपतो. आवाज थांबला की जागा होतो. म्हणजे कुठेतरी पाट फुटलाय.

शांतता ही धोक्याची घंटा असलेलं गाव. आमच्याकडे याच्या उलट. रात्री पत्र्यावर आवाज आला की सगळे जागे होतात आणि अंधारात पडल्या पडल्या हसतात.

घरमालकीण बाईंशी माझी खरी ओळख या पाटापायी झाली. "पाऊस नाही पडला तर काळजी वाटत नाही का?" असं मी विचारलं तेव्हा त्यांनी मला संध्याकाळी बाहेर नेलं. दिवसभर आभाळ निरभ्र, कडक ऊन. आणि सकाळी नितळ, झुळझुळता असलेला ओढा संध्याकाळी दुधाळ राखाडी होऊन, फुगून, दगड घरंगळवत चाललेला. आभाळात ढग नाही आणि ओढ्याला पूर. सकाळचं ऊन वरच्या बर्फावर पडलं, दुपारभर तो वितळला, ते पाणी हिमनदीच्या पोटातून वाट काढत संध्याकाळी इथे पोचलं. दुधाळपणा म्हणजे हिमनदीनं दळलेल्या खडकाचं पीठ. जितकं ऊन जास्त, तितकं पाणी जास्त. तहान लागते तेव्हाच पाणी मिळतं.

मला आमच्या जुन्या वाड्यातलं पेव आठवलं. जमिनीखालची धान्याची खोली, पिकलेल्या वर्षी भरायची आणि दुष्काळात उघडायची. या लोकांचं पेव डोंगरावर आहे आणि त्याचं झाकण ऊन उघडतं. पाऊस आमच्याएवढाच. आमचा पडतो तो वाहून जातो किंवा वाफ होतो. त्यांचा वर अडकून राहतो.

त्या पेवात भर पडताना बघायची म्हणून पुढच्या जानेवारीत पुन्हा गेले. तिथे माझी मराठी तोकडी पडली. आपल्याकडे पावसाला भुरभुर आहे, रिपरिप आहे, झिमझिम, सर, झड, वळीव, संततधार आहे. बर्फाला बर्फच. सरबतातला तोही बर्फ, हिमालयातला तोही बर्फ. ‘हिम’ पुस्तकात राहतो. पहिल्या संध्याकाळी आभाळातून पांढरे गोळे टपटप पडून फरशीवर उड्या मारायला लागले. गारा म्हणाव्यात तर मऊ, बोटानं चिरडता येणाऱ्या. मी आईला व्हिडिओ पाठवला, ती म्हणाली, "साबुदाणा सांडलाय का?" त्याहून बरा शब्द मला अजून मिळालेला नाही. रात्री साबुदाण्याचा कापूस झाला आणि सकाळी सगळं गाव चूप.

बर्फ मोजायची रीत बघितली तेव्हा आबांची आठवण झाली. डोंगरातले निरीक्षक सकाळी सातच्या सुमारास जातात, पांढऱ्या रंगाच्या फळीवर रात्रीत किती थर बसला ते पट्टीनं बघतात, मग फळी झाडून पुन्हा वर ठेवतात. दावोसच्या हिम आणि हिमलोट संशोधन संस्थेकडे अशा नोंदी देशभरातून जातात. ढोबळ हिशेब असा की एक सेंटिमीटर ताजा बर्फ म्हणजे एक मिलिमीटर पाणी. हातभर बर्फ पडलेला बघून छाती दडपते आणि वितळवला तर पेलाभर. शिवाय वारा असला की हलका बर्फ पर्जन्यमापकाच्या तोंडावरून उडून जातो, आत पडतच नाही. म्हणजे उंच डोंगरावरचा आकडा थोडा खोटाच, खऱ्यापेक्षा कमी दाखवणारा. खुरप्यानं माती उकरणारा आमचा माणूस काही अगदीच अडाणी नव्हता.

गावात चर्चा असते ती पाऊस पडेल का याची नाही, तर पावसाचा बर्फ कुठपर्यंत होईल याची. तापमान शून्याला येतं त्या उंचीच्या दोन-तीनशे मीटर खालपर्यंत बर्फ टिकतो, त्याखाली त्याचं पाणी. पण अशा अरुंद खोऱ्यात जोराचा पाऊस असला तर वितळणारा बर्फच हवा थंड करत जातो आणि ही रेषा आणखी खाली ओढतो. तासाभरापूर्वी पाऊस पडत होता त्याच रस्त्यावर मग बर्फ. ‘आज रेषा कुठे?’ हा इथला ‘पाऊस हाय का?’

आणि पंचांगही आहे बरं का. आपली नक्षत्रं, त्यांचे संत. मेच्या मध्यात पान्क्राझ, सर्वाझ, बोनिफाझ आणि शेवटी ‘थंड सोफी’. हे ‘बर्फाचे संत’ होऊन गेल्याशिवाय नाजूक रोपं बाहेर लावायची नाहीत. जूनच्या मध्यात ‘मेंढ्यांची थंडी’, कारण लोकर नुकतीच कातरलेली असते आणि अचानक गारठा येतो. २७ जूनला जसं हवामान तसं पुढचे सात आठवडे. मी बाईंना सांगितलं की आमच्याकडे पावसाच्या नक्षत्राला वाहन असतं, बेडूक, म्हैस, हत्ती, आणि मेंढाही. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "मग मेंढा आला तर?" म्हटलं, बेताचाच. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे." वालिसची काळ्या नाकाची, लांब लोकरीची मेंढरं जगात प्रसिद्ध आहेत. कोरड्या मुलुखात मेंढरू टिकतं, हे दोन्ही पंचांगांना ठाऊक असणार.

प्रार्थनेची एक गोष्ट मात्र आपल्याकडे नाही. आम्ही लहानपणी अंगाला लिंबाचा पाला बांधून ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत दारोदार फिरलो. आमची मागणी कायम एकच, दे. वालिसमध्येच, पलीकडच्या खोऱ्यात फीश गाव आहे, आल्प्समधल्या सर्वांत मोठ्या आलेच हिमनदीजवळ. तिथल्या लोकांनी १६७८ मध्ये नवस केला की आम्ही धर्मानं वागू, हिमनदीला पुढे येऊ देऊ नकोस. तेव्हा हिमनद्या वाढत होत्या, त्यांच्या पाण्याचे लोंढे गावात येत होते. १८६२ पासून त्यासाठी दरवर्षी मिरवणूक. नवस फळला, जरा जास्तच फळला. हिमनदी हटत गेली, हटतच गेली. शेवटी गावकऱ्यांनी पोपकडे अर्ज केला की आम्हाला नवस उलटा करायची परवानगी द्या, आणि २०१० मध्ये ती मिळाली. आता ते हिमनदी वाढावी म्हणून प्रार्थना करतात. नवस बदलून मिळायला व्हॅटिकनची मंजुरी लागते हे वाचून मी आधी हसले, मग हसू पुरलं नाही.

कारण २०२२चा तो माझा उन्हाळा, ज्यात संध्याकाळी ओढा फुगलेला बघून मला पेवाची उपमा सुचली होती, तो नेमका पेव लुटलं जाण्याचा उन्हाळा होता. हिवाळ्यात बर्फ कमी पडला, मार्चमध्ये सहाराची धूळ येऊन त्यावर बसली, मळलेल्या बर्फानं ऊन जास्त शोषलं, वर उष्णतेच्या लाटा. त्या एका वर्षात स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांचं सुमारे ६ टक्के घनफळ गेलं. पुढच्या वर्षी आणखी ४ टक्के. मी ज्याला भरपूर पाणी समजत होते ती मुद्दल होती. हिमनदी आटत असताना काही वर्षं पाणी उलट वाढतं, आणि मग कमी व्हायला लागतं ते कायमचं.

२०२३च्या ऑगस्टात आबा आले. ऐन खरिपात घर सोडणारा माणूस नव्हे हा. पण तो ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला, आणि फोनवर ते म्हणाले, "पेरलेलं जळालं. आता राखायचं काय? येतो." मी त्यांना ग्रेखनला नेलं. गाडीतून श्टाल्डनचे पिवळे उतार बघून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिकीट काढून आपल्याच गावाला आणलंस व्हय?"

दुसऱ्या दिवशी त्यांना पाटावर नेलं. त्यांनी पायातल्या चपला काढल्या. मी म्हटलं, आबा, पाणी बर्फाचं आहे. ते ऐकत नाहीतच. पाटात पाय घातला, झटकन काढला, पुन्हा घातला. मग खाली बसून कडेचं ढेपूळ दाबून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला तो पाण्याच्या उगमाचा नाही, सौंदर्याचा नाही. "आज पाळी कुणाची हाय?"

मला माहीत नव्हतं. बाईंना विचारायला गेलो. त्या दिवशी त्यांच्या भावाची होती. दोघांमध्ये मी दुभाषी. आबांनी विचारलं, पाळी चुकवून रात्रीचं पाणी चोरतात का? बाई पहिल्यांदाच मोकळेपणानं हसल्या. म्हणाल्या, आता पाणी कुणी चोरत नाही, आता गायी कुणाकडे आहेत? पूर्वी चोरायचे, आणि कोण चोरतं ते सगळ्या गावाला माहीत असायचं. आबा म्हणाले, "आक्कास्नी सांग, आमच्याकडं अजून चोरत्यात." जणू गावाची इभ्रत सांगत होते.

त्याच सुमारास, २० आणि २१ ऑगस्टच्या मधल्या रात्री, हवामान खात्याच्या फुग्यानं स्वित्झर्लंडवरची शून्य अंशाची रेषा ५,२९८ मीटरवर मोजली. आजवरचा उच्चांक. देशातल्या सर्वांत उंच शिखराच्याही साडेसहाशे मीटर वर. म्हणजे त्या रात्री या देशात कुठल्याच शिखरावरची हवा गोठणारी नव्हती. आबांना हे समजावून सांगितलं. ते समोरच्या पांढऱ्या कड्याकडे बघत म्हणाले, "मग ह्ये सगळं गळतंय." आणि थोड्या वेळानं, "आणि गळून झाल्यावर?" मी म्हटलं, मग पाऊस पडेल तेवढंच. "म्हंजी आपल्यावाणी."

परतताना पाटाच्या एका वळणावर फांदी अडकून पानांचा बांध झाला होता, पाणी कडेवरून वाटेवर सांडत होतं. आमच्या पुढून जाणाऱ्या चार पर्यटकांनी ते ओलांडून पुढे जाणं पसंत केलं होतं. आबा वाकले, फांदी काढली, हातानं पानं उपसून उताराच्या बाजूला टाकली, पाणी मोकळं झालेलं बघितलं आणि हात धोतराला पुसले. विझिटर व्हिसावर त्यांनी केलेलं ते एकमेव काम.

२०२४च्या जूनमध्ये मात्र छत्री नाही म्हणणाऱ्या या खोऱ्यावर पाऊस उलटा फिरला. २१ तारखेला झेरमॅटची नदी पात्राबाहेर आली आणि गावाचा रस्ता-रेल्वे तुटली. महिन्याच्या शेवटच्या शनिवार-रविवारी पुन्हा तुफान पाऊस, शेजारच्या सास खोऱ्यात दगडमातीचे लोट गावात घुसले. दोन भिंतींमुळे कोरडं राहणारं खोरं, पण दक्षिणेचा ओला वारा जोरात आला की पाऊस भिंतीवरून आत सांडतो, आणि उतार इतके उभे की पडलेल्या पाण्याला मुरायला जागा नाही. वर जिथे बर्फ पडायचा तिथेही पाणीच पडलं तर ते सगळं त्याच दिवशी खाली येतं. १९९३ मध्ये ब्रिग शहर असंच गाळात गेलं होतं, २००० मध्ये गोंडो गावात १३ माणसं गेली. इथली जुनी माणसं कोरडेपणाला घाबरत नाहीत, ती या सांडण्याला घाबरतात.

आबांनी बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर बघितली होती. ३० जूनला फोन आला. पहिला प्रश्न वेगळा होता.

"त्यो पाट ऱ्हायला का गं?"

मी बाईंना निरोप पाठवला. तासाभरानं उत्तर आलं, की वरचं दार आदल्या दिवशीच बंद करून घेतलंय, पाट कोरडा ठेवलाय, पाणी उतरलं की माणसं बघायला जातील. मी आबांना सांगितलं.

"बरुबर केलं," ते म्हणाले. "पुराचं पाणी पाटात घ्यायचं नसतंय. गाळ बसतो."

मग मीच विचारलं, "आणि आपल्याकडं? पाऊस हाय का?"

"औंदा मृगातच झाला. परवा उकरून बघितलं," आबा म्हणाले. "वीतभर ओल हाय. बाजरी वर आलीया."